पाच किलो आठशेवर अडलेला काटा

आमच्या घरी कुणीही आलं की चप्पल काढायच्या आधी विचारायचं, ‘‘लेकरू खातंय का?’’ सोलापुरात हे मायेनंच विचारतात. पण दिवसातून पाच जणांनी विचारलं की आईला तो प्रश्न ‘तू हिला खायला घालतेस का?’ असा ऐकू यायला लागतो. मला यायला लागला होता.

माझी मुलगी फेब्रुवारी 2023 मध्ये झाली. दिवस भरले होते, अडतिसावा आठवडा संपत आला होता. पण शेवटच्या दोन महिन्यांत माझं बीपी वाढलं आणि पोटातली वाढ मागं पडली. वजन भरलं 2 किलो 50 ग्रॅम. अडीच किलोच्या खालचं बाळ म्हणजे कमी वजनाचं, हे मला तोवर फक्त पोस्टरवर वाचून माहीत होतं. आत्यांनी (सासूबाईंना आम्ही आत्याच म्हणतो) तिला बघितलं, काही बोलल्या नाहीत, दुपट्यातून बाहेर आलेला तिचा पाय झाकला. त्या न बोलण्याचीच मला जास्त भीती वाटली.

पाचव्या दिवशी वजन 1 किलो 920. मी रडायलाच लागले. सिस्टर म्हणाल्या, ‘‘अहो, पहिल्या आठवड्यात सगळीच बाळं थोडी उतरतात. दोन आठवड्यांत जन्माच्या वजनावर परत आली की झालं.’’ तेराव्या दिवशी ती 2 किलो 60 ग्रॅम झाली. तेव्हापासून मी एक वही घातली. डावीकडे तारीख आणि वजन, उजवीकडे दूध किती वेळा, लघवी किती वेळा. चोवीस तासांत सहा-सात लंगोट ओले झाले म्हणजे दूध पोटात जातंय, हे गणित मला त्या दिवसांत देवाच्या नावासारखं पाठ होतं.

कमी वजनाच्या बाळांची एक गोष्ट कुणी आधी सांगत नाही. ती भुकेनं रडत नाहीत, झोपून जातात. अंगात ताकदच नसते. चार घोट ओढले की डोळे मिटले. आम्हाला वाटायचं, किती गुणी पोरगी, त्रासच देत नाही. मग कळलं की हिला दर दोन तासांनी उठवून पाजायचं असतं, रात्रीसुद्धा. तळपायाला हळू टिचकी मारायची, दुपटं सैल करायचं. ओढणं थांबलं की स्तन हातानं हलकेच दाबायचा, म्हणजे दूध येतं आणि ती परत गिळायला लागते. एक बाजू पूर्ण रिकामी झाल्याशिवाय दुसरी द्यायची नाही, कारण शेवटी येणाऱ्या दुधात साय जास्त असते. तरीही ती दमायचीच. मग मी दूध काढून वाटी-चमच्यानं पाजायचे. बाटली घरात येऊ दिली नाही. यात तत्त्वापेक्षा सोय जास्त होती. आमच्या भागात तेव्हा नळाला पाणी चार-पाच दिवसांनी यायचं. बाटलीचं बूच, तिचे कोपरे घासत बसायला पाणी कुठून आणायचं? वाटी-चमचा एका उकळीत स्वच्छ होतो.

मार्च महिनाभर मी तिला छातीला बांधून बसले. उघड्या अंगाला उघडं अंग, वरून साडी. कांगारू मातृसेवा म्हणतात तिला. कोलंबियातल्या बोगोटा शहरात 1978 च्या सुमारास काचेच्या पेट्या पुरत नव्हत्या, तेव्हा तिथल्या डॉक्टरांनी ती सुरू केली. ऊब टिकवण्यात बाळाची जी ताकद खर्च होते ती वाचते आणि वजनाला लागते. आमच्याकडे रात्री गार असतात तोवर हे ठीक होतं. मार्च संपता संपता आम्ही दोघी घामानं एकमेकींना चिकटायला लागलो, आणि तोवर ती अडीच किलोच्या पुढं गेली होती. तिनंच पाय मारून सांगितलं, बास झालं.

एप्रिलात पारा बेचाळीसवर गेला आणि पाण्याचं भांडण सुरू झालं. ‘‘आपल्याला घसा कोरडा पडतोय, त्या जिवाला दोन चमचे पाणी नको का?’’ आत्यांचा प्रश्न बरोबर होता, उत्तर मात्र चुकीचं होतं. आईच्या दुधात जवळजवळ नव्वद टक्के पाणीच असतं. वरून पाणी पाजलं की इवलंसं पोट पाण्यानं भरतं आणि तेवढं दूध कमी जातं. मी पाणी दिलं नाही. गुटी उगाळायलाही नको म्हणाले, त्यावरून दोन दिवस अबोला झाला. तेवढा मी निभावला. तीन महिन्यांना ती चार किलो भरली. अजून मागेच होती, पण दिवसाला पंचवीसेक ग्रॅमनं वाढत होती. डॉक्टर वहीवर नजर टाकून म्हणाले, ‘‘चाललंय ते चालू द्या.’’

इथवर मी शहाणी होते. पुढचं सांगायला लाज वाटते.

सहा महिन्यांना 5 किलो 500. वरचा आहार सुरू करायचा म्हणून घरात उत्साह. डाळीचं पाणी, भाताची पेज, नाचणीची पातळ खीर, रव्याची पातळ खीर. सगळं पातळ, सगळं गाळून, कारण ‘एवढ्याशा लेकराला पचणार कसं’. वाटीभर पिऊन ती ढेकर द्यायची आणि मी वहीत लिहायचे: डाळ, एक वाटी. वही भरत होती, पोरगी भरत नव्हती. त्यात सातव्या महिन्यात जुलाब लागले. पाच दिवस ओआरएस, पुढं चौदा दिवस झिंकच्या गोळ्या अंगावरच्या दुधात विरघळवून. त्यातून ती बरी झाली, पण खाणं विसरली.

ऑक्टोबरमध्ये आठ महिने पूर्ण झाले. अंगणवाडीत नेलं. ताईंनी कपडे उतरवून काट्यावर ठेवलं, 5 किलो 800. दोन महिन्यांत तीनशे ग्रॅम, आणि गेल्या महिन्याच्या 5 किलो 750 वर फक्त पन्नास. मग दंडाला ती रंगीत पट्टी लावली. 12.1 सेंटिमीटर, पिवळ्यात. साडेबाराच्या वर हिरवं, साडेअकराच्या खाली लाल. वजनाच्या आलेखावर तिचा ठिपका पिवळ्या पट्ट्याच्या तळाशी, जवळजवळ खालच्या रेषेवर. ताई म्हणाल्या, ‘‘घाबरू नका, पण आजच दवाखान्यात दाखवा. उद्यावर टाकू नका.’’ जाताना घरपोच आहाराची पाकिटं हातात दिली.

खरं तर सप्टेंबरातच मला कळायला हवं होतं. पण त्या महिन्यात मी वेगळ्या ठिकाणी वजन केलं होतं. एका दवाखान्यात तिला स्वेटर-टोपीसकट काट्यावर ठेवलं आणि 6 किलो 100 आकडा आला. मी आनंदानं ह्यांना फोन केला, ते अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात असतात. त्यांनी शिफ्टवर पेढे वाटले! दोन दिवसांनी अंगणवाडीत उघड्या अंगानं केलं तर 5 किलो 750, आणि मी अंगणवाडीचा काटाच खोटा ठरवला. म्हणून सांगते, काटा एकच ठेवा, वेळ एकच ठेवा, अंगावर कपडा नको. पेढे नंतर.

डॉक्टरांनी आधी आजार शोधले. लघवीची तपासणी केली, कारण लहान मुलींमध्ये लघवीचा जंतुसंसर्ग तापाशिवायही वजन अडवून धरतो. घरात कुणाला जुना खोकला आहे का, कुणाला क्षयाची औषधं चालू आहेत का, विचारलं. ते काही नव्हतं. रक्त तपासलं तर हिमोग्लोबिन 8.6. अकराच्या वर हवं असतं.

‘‘लोहाचे थेंब चालू आहेत ना?’’

मी खाली बघितलं. कमी वजनाच्या बाळांना हे थेंब सहा महिन्यांची वाट न बघता लवकर सुरू करतात, तसे आम्हालाही दिले होते. चौथ्या महिन्यात शी काळी झाली, घरात घबराट झाली, आणि मी कुणालाही न विचारता बंद केले. लोहानं शी काळीच होते. एका फोनवर कळलं असतं. रक्त कमी म्हणून भूक कमी, भूक कमी म्हणून खाणं कमी, आणि खाणं कमी म्हणून रक्त कमी. त्या वर्तुळात मी तिला माझ्या हातानं ढकललं होतं.

मग त्यांनी विचारलं, खायला काय देता? मी वही पुढं केली. त्यांनी दोन पानं वाचली आणि म्हणाले, ‘‘ताई, तुम्ही हिला पाणी खायला घालताय.’’

बाळाचं पोट त्याच्या वजनाच्या मानानं असतं, किलोमागं साधारण तीस मिली. म्हणजे सहा किलोच्या लेकराच्या पोटात एका वेळी मोठी वाटीभर मावतं, त्याहून जास्त नाही. त्यात डाळीचं पाणी घातलं तर जागा संपली आणि डाळ भांड्यातच राहिली. अंगावरच्या दुधाशिवाय सहा ते आठ महिन्यांत रोज साधारण दोनशे कॅलरी वरून लागतात, नऊ ते अकरा महिन्यांत तीनशे. ही कसर भरायची, शिवाय कमी वजनाचा बॅकलॉग. पातळ पेजेनं ते होणारच नाही. त्यांनी खूण सांगितली: चमचा तिरका केला तर खाणं ओघळलं नाही पाहिजे, हळू सरकलं पाहिजे. आणि प्रत्येक वाटीत चमचाभर तूप किंवा तेल. एका लहान चमचा तुपात पंचेचाळीसेक कॅलरी असतात, आणि ते जागा घेत नाही.

घरी येऊन आत्यांना सांगितलं. त्या गप्प बसल्या, मग म्हणाल्या, ‘‘आपण डाळ खातो आणि लेकराला पाणी देतो होय गं!’’ त्या दिवसापासून स्वयंपाकघराचा ताबा त्यांनी घेतला, आणि खरं सांगायचं तर माझ्यापेक्षा चांगला चालवला.

माझं माहेर मंगळवेढ्याचं, त्यामुळं ज्वारीची कमी नाही. मालदांडीचं पीठ तुपात भाजून, त्यात मुगाची डाळ घोटून, घट्ट लापशी. त्यात शेंगांचं कूट. आता सोलापूरकराला शेंगाचटणी शिकवायची नसते. उखळात कुटता कुटता शेंगांना तेल सुटतं, तीच तिची खरी चव. आत्या तशाच कुटायच्या, फक्त तिखट, मीठ, लसूण न घालता, अगदी गुळगुळीत होईपर्यंत. एक चमचा लापशीत. अख्खा दाणा मात्र घरात कुणी तिच्या हाताला लागू द्यायचा नाही, श्वासनळीत अडकला तर संपलंच. उकडलेलं अंडं कुस्करून सोमवार सोडून रोज. सोमवारी आत्या सिद्धेश्वराला जातात, त्या दिवशी घरात अंडं नाही, ते मी मान्य केलं. केळं, उकडलेला बटाटा, पालकाची घट्ट भाजी. आमटीचा वरचा पातळ भाग आमच्या ताटात, तळाचा घट्ट तिच्या वाटीत. गूळ-साखर वर्षापर्यंत नको म्हणून ठरवलं होतं, आत्यांनी दोनदा चोरून घातला, मी दोनदा बघितलं नाही असं केलं.

अडचण एक आली. घट्ट लापशी तिला गिळता येईना. जीभ बाहेर, सगळं हनुवटीवर. पाणी घातलं की परत पहिले पाढे पंचावन्न. तेव्हा अंगणवाडीच्या ताईंनी मोड आलेल्या गव्हाच्या पिठाची युक्ती सांगितली. गहू रात्रभर भिजवायचे, फडक्यात बांधून दोन दिवस मोड आणायचे, वाळवून, हलकेच भाजून दळायचे. लापशी गॅसवरून उतरवून जरा निवली की त्यात हे पीठ अर्धा चमचा टाकायचं आणि ढवळायचं. चमचा उभा राहील अशी लापशी मिनिटाभरात, डोळ्यांदेखत सैल होते! मोडात अमायलेज नावाचं पाचकद्रव्य तयार होतं, ते पिठूळपणा तोडतं. पाणी घालावं लागत नाही, अन्न तेवढंच राहतं, गिळायला सोपं होतं. मग परत एक उकळी द्यायची, कारण कच्च्या पिठातले जंतू नकोत. मी उत्साहात ज्वारीला मोड आणायला निघाले होते, आईनं फोनवरून थांबवलं. ज्वारीच्या कोंबात विष असतं, कोवळी ज्वारी खाऊन जनावर दगावतं हे मंगळवेढ्यात शेतकऱ्याच्या पोराला माहीत असतं. मी शेतकऱ्याचीच पोरगी, पण माझ्या डोक्यात आलं नाही.

खाणं सुधारलं, तोंड काही उघडेना. ही चूक सगळ्यात वाईट होती आणि ती पूर्णपणे माझी. जुलाबानंतर ती खाईना तेव्हा मी तिला पायावर आडवी घेऊन, गाल दाबून भरवायला लागले होते. पूर्वीपासून भरवतातच तसं, असं म्हणून. एक-दोनदा ठसका लागून ओठ निळे पडले. तरी मी थांबले नाही, कारण संध्याकाळी कुणीतरी येऊन विचारणार होतं, खातंय का? दुसरा उपाय मोबाईल. गाणं लावलं की तोंड उघडं राहायचं, चमचा आत. गाणं थांबलं की रडणं. ऑक्टोबरपर्यंत अशी वेळ आली की स्टीलच्या वाटीचा आवाज आला तरी ती मान फिरवायची.

डॉक्टरांनी सांगितलं, आठवडाभर एकही चमचा जबरदस्तीनं नाही. मांडीवर सरळ बसवा, समोर ठेवा, तुम्हीही खा. वीस-पंचवीस मिनिटं. नंतर वाटी उचला, तोंडावर नाराजी नको. दोन खाण्यांत दोन-अडीच तासांचं अंतर ठेवा. मी दिवसभर दर तासाला अंगावर घेत होते, बिचारीला भूक लागायला वेळच मिळत नव्हता. रात्रीचं दूध मात्र चालू ठेवायचं.

तो आठवडा मला जड गेला. पहिल्या दिवशी तिनं दिवसभरात पाच चमचे खाल्ले. दुसऱ्या दिवशी चार. ह्यांनी काही विचारलं नाही, पण जेवताना ताट बाजूला सारलं. तिसऱ्या दिवशी मी कंटाळून तिला घेऊन शेजारच्या अक्कांच्या उंबऱ्यावर जाऊन बसले. आम्ही पूर्व भागात राहतो, आमच्या गल्लीत मराठीइतकंच तेलुगू चालतं. अक्का दिवसभर मांडीवर सूप घेऊन विड्या वळतात. त्यांचा नातू, वर्ष-दीड वर्षाचा, ताटलीतला आमटी-भात दोन्ही हातांनी खात होता. निम्मा डोक्यावर. माझी पोरगी त्याच्याकडं टक लावून बघत राहिली. अक्कांनी सूप बाजूला ठेवलं, नळावर जाऊन साबणानं दोनदा हात धुतले (तंबाखूचे हात, मी मनातल्या मनात मोजत होते), आणि भाताचा एक मऊ गोळा तिच्या हातात दिला. ‘‘तिनु तल्ली, तिनु.’’ खा गं बाई, खा. तिनं तो चुरगळला. जमिनीवर टाकला. मग बोटं तोंडात घातली.

दुसऱ्या दिवसापासून आमचं दुपारचं जेवण अक्कांच्या उंबऱ्यावर. सूप आणि तंबाखू त्या वेळी आत. फरशी रोज पुसावी लागायची, आणि त्या पाण्यासाठी मी कपड्यांच्या बादलीत काटकसर केली. दहाव्या-बाराव्या दिवशी तिनं वाटी स्वतःकडं ओढली.

आकडे सांगते, कारण ह्या काळात मला दुसऱ्यांचे आकडेच धीर देत होते. नऊ महिन्यांना 6 किलो 120. दहाव्याला 6 किलो 500. मधे सर्दी-खोकल्यात एक आठवडा काटा हललाच नाही, त्यानंतर पंधरा दिवस एक खाणं वाढवलं. थेंब परत सुरू झाले, दुधाबरोबर न देता, जेवणानंतर तासाभरानं. महिन्याभरात हिमोग्लोबिन 9.8 झालं. अकरा पूर्ण झाल्यावरही तीन महिने द्या म्हणाले, कारण साठा भरायचा असतो. शी काळी होते. होऊ दे.

मधल्या काळात तीन नातेवाइकांनी भूक वाढवायच्या टॉनिकची नावं सांगितली. एकीनं बाटलीच आणून दिली. डॉक्टरांनी लेबल वाचून बाजूला ठेवली, त्यातल्या औषधानं झोप येते म्हणाले. डब्यातल्या महागड्या पावडरीबद्दल विचारलं तर म्हणाले, तेवढ्या पैशांत शेंगा आणि अंडी घ्या.

जानेवारीत सिद्धेश्वराची गड्ड्याची जत्रा भरली. मी तिला गर्दीत नेलं नाही, आत्या नंदीध्वजांची मिरवणूक बघून आल्या आणि तिच्यासाठी खुळखुळा घेऊन आल्या. अकरा महिन्यांना 6 किलो 840. आलेखावरची हिरवी रेषा 6 किलो 900 ला होती. साठ ग्रॅम! मी त्या रात्री झोपेत साठ ग्रॅम मोजत होते.

जानेवारीच्या शेवटी बोरन्हाण केलं. काळं झबलं, हलव्याचे दागिने. गल्लीतली पोरं जमली. बोरं, उसाचे करवे आणि हलवा मी वेगळ्या ताटात ठेवून मोठ्या पोरांना हातात दिले, तिच्या डोक्यावरून फक्त चिरमुरे आणि फुलांच्या पाकळ्या ओतल्या. पोरं ओरडत वेचायला धावली. कुणीतरी मावशी दारातून आत येता येता म्हणाल्या, ‘‘काय गं, लेकरू खातंय का?’’

मी काही बोलायच्या आत आत्या म्हणाल्या, ‘‘बघा की तुम्हीच.’’

ती गर्दीच्या मधोमध बसली होती. मांडीवर पडलेला एक चिरमुरा तिनं दोन बोटांत पकडला, बराच वेळ उलटसुलट बघितला, तोंडात टाकला. मग दुसरा शोधायला लागली. अक्कांचा नातू तिच्या पुढ्यातले उचलायला वाकला, तर तिनं त्याचा हात धरला.